हिरवी बादली

माझ्या ताईचा नवरा फोटोग्राफर आहे म्हटलं, की लोक विचारायचे, "कसले फोटो काढतात?" मी तोंड उघडायच्या आत ताई सांगून टाकायची, "बादल्यांचे." ऐकणारा हसायचा, ताई हसायची, आणि भावोजी खाली मान घालून कॅमेऱ्याची काच पुसत बसायचे. ताईला वाटायचं आपण थट्टा केली. पण तिनं खरं तेच सांगितलेलं असायचं.

पोटापाण्यासाठी मात्र ते लग्नांचे फोटो काढत. बसथांब्यासमोरच्या इमारतीत खाली चष्म्यांचं दुकान होतं आणि वर स्टुडिओ. आत तळ्याचं चित्र रंगवलेला पडदा, एक पाय तोकडा असलेली खुर्ची, आणि आरशाशेजारी सुतळीनं बांधून ठेवलेला कंगवा. त्या कंगव्यात अख्ख्या शहराचे केस अडकलेले असत. एरवी ओळखपत्राचे फोटो, ते काळे-पांढरे. सुट्टीच्या दिवशी लग्नं, ती रंगीत. "काळं-पांढरं कचेरीला, रंगीत नातेवाइकांना," हे स्टुडिओच्या मालकांचं ठरलेलं वाक्य होतं. त्या काळी रंगीत रोल म्हणजे चैन, त्यामुळे मालक एकेक फ्रेम जपून वापरायला लावत. तरीही लग्न आटोपून नवरा-नवरी गाडीत बसली, की रोलच्या शेपटाला दोन-तीन फ्रेम उरायच्याच. त्या तशाच कोऱ्या धुवायला जायच्या. भावोजींनी एकदा भीत भीत विचारलं, "या मी वापरू?" मालक म्हणाले, "वापर की. उष्टं तुझं."

तर माझ्या भावोजींची सगळी कला ही अशी उष्ट्यावर पोसलेली. लग्नं रविवारी असत आणि रोल लॅबमध्ये सोमवारी द्यायचा असे. म्हणजे त्यांना जे काही टिपायचं ते सोमवारी सकाळी, कामाला जाता जाता. न्हाव्यानं धुऊन दुकानाबाहेर वाळत घातलेले निळे टॉवेल. शेजाऱ्यांच्या दाराबाहेर पडलेली लाल चप्पल, एकच. दुसरी कुत्र्यानं पळवलेली. कँटीनच्या टेबलावर सांडलेला चहा आणि त्यात भिजलेलं गुलाबी बिल. असलं काहीतरी. माणसं फारशी नसतच, असलीच तर अर्धी. "रविवारी दुसऱ्यांच्या बायकांचे ढीगभर फोटो, आणि सोमवारी स्वतःच्या बायकोची नुसती पाठ," असं ताई म्हणायची.

त्या पाठीचाच फोटो पुढे सगळ्या भानगडीचं मूळ झाला. त्यांच्या इमारतीत जिन्याच्या वळणावर सामाईक नळ होता. ताई सकाळी तिथे पाणी भरत होती. खिडकीतून ऊन आलेलं. ताईच्या अंगात मी विणलेला पिवळा स्वेटर, अगदी मोहरीच्या फुलासारखा पिवळा. लोकरीची लडी घेण्यासाठी मी चार दुकानं पालथी घातली होती, म्हणून तो रंग मी विसरणं शक्य नाही. भिंत फिकट निळी, पोपडे आलेली. आणि नळाखाली हिरवी बादली. भावोजी वरून जिना उतरत होते, एकच फ्रेम उरलेली होती. ताई ओरडली, "अहो, निदान वळू तरी द्या!" तोवर बटण दाबून झालं होतं.

लॅबमधून फोटो आला तेव्हा भावोजींचं तोंड उतरलं. बादली पोपटी आली होती. लॅबवाला म्हणाला, "हिरवी ती हिरवी. त्यात काय?" दुसऱ्यांदा छापला, तर ती निळसर आली. तिसऱ्यांदा काळपट. तेव्हा भावोजींनी काय करावं? सकाळी सकाळी घरातली बादली उचलली आणि बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, "साहेब, पाणी आणायला निघालात की घालायला?" लॅबच्या काउंटरवर बादली ठेवून ते म्हणाले, "असा हिरवा पाहिजे." लॅबवाला कपाळावर हात मारून घेत होता, पण माणूस भला. दिवसभर बादलीशेजारी कागद धरून धरून त्यानं रंग जुळवला. इकडे घरी ताई पातेल्यांनी पाणी भरत होती आणि तिचं तोंड जे सुटलं होतं ते विचारूच नका.

पण फोटो घरी आला आणि ताई गप्प झाली. मी पण. काय होतं त्यात ते मला नीट सांगता येणार नाही. मी काही शिकलेली समीक्षक नव्हे, शिवणकाम करणारी बाई. एवढंच म्हणते, की त्या पिवळ्याच्या शेजारी तो हिरवा असा काही बसला होता, की रोजचा तो मेला नळ, जिथे इमारतीतल्या बायका रोज भांडायच्या, तो पुन्हा एकदा जाऊन बघावासा वाटला.

भावोजींना एकच गोष्ट हवी होती, आयुष्यात फक्त एक. शहरातल्या छायाचित्र मंडळाचं दरवर्षी मोठ्या दालनात प्रदर्शन भरे. तिथल्या भिंतीवर ही बादली लागावी, तिच्या रंगासकट. त्यांना ना बक्षीस हवं होतं ना हारतुरे.

मंडळाचे अध्यक्ष कॉलेजात शिकवायचे, सगळे त्यांना 'सर' म्हणत. उंच, पांढरेशुभ्र कपडे, आवाज असा की बोलले की छताला ऐकू जावं. धुक्यातली झाडं आणि म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या यांत त्यांचा हातखंडा. भावोजींनी बादली समोर ठेवली तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "रंग लग्नात असतो आणि कॅलेंडरवर असतो. कलेत रंग म्हणजे नाकापेक्षा मोती जड. हे काय, बादलीच्या कंपनीची जाहिरात आहे का?" मंडळी हसली. कोणीतरी मागून म्हणालं, "रंगारी आहेत ते!" तेव्हापासून मंडळात त्यांना रंगारीच म्हणत, तोंडावर सुद्धा.

दुसरा कोणी असता तर त्या दाराची पायरी पुन्हा चढला नसता. भावोजी दरवर्षी जात राहिले, दरवर्षी एक रंगीत फोटो घेऊन, आणि दरवर्षी तो काखेत मारून परत येत राहिले. मला राग यायचा. मी म्हणायचे, "भावोजी, पालथ्या घड्यावर पाणी आहे हे." ते म्हणत, "घडा कधीतरी सुलटा होईलच की." मंडळातली भाषणं ते मन लावून ऐकत. एका भाषणात सरांनी सांगितलं होतं, की फोटोंचा खरा शत्रू ओल. बुरशी लागली की संपलं. फोटो उबेत ठेवा, कोरड्यात ठेवा, स्वयंपाकघरासारखी जागा नाही. "माझे तरुणपणीचे फोटो आजही कोरे करकरीत आहेत," असं सर म्हणाले. भावोजींनी सरांचं एवढं एकच ऐकलं. शेगडीच्या वरचं कपाट ताईकडून मागून घेतलं, तिचे डबे खाली आले आणि फोटोंचे खोके वर गेले. स्वयंपाक करताना ताई म्हणायची, "माझं जेवण आधी यांच्या बादल्या खातात, मग आपण."

एका वर्षी सरांना दया आली की काय देव जाणे. ते म्हणाले, "रंगारी, रचना चांगली आहे तुझी. तो बादलीचाच फोटो काळ्या-पांढऱ्यात छापून आण. लावतो." भावोजींनी कितीतरी दिवस विचार केला. ताई म्हणाली, "छापा की! बादली ती बादली." शेवटी त्यांनी स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत तो फोटो काळा-पांढरा छापला आणि नेऊन दिला. तो लागला. वर उत्तेजनार्थ बक्षीसही जाहीर झालं.

उद्घाटनाला आम्ही दोघी बहिणी नटूनथटून गेलो. भावोजी फोटोसमोर उभे होते आणि त्यांचा चेहरा आजारी माणसासारखा दिसत होता. बादली करडी, भिंत करडी, स्वेटर करडा. बादली कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते हे शोधावं लागत होतं. एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "गरिबी छान दाखवली आहे." भावोजींनी हात वर केला, फोटो खिळ्यावरून काढला आणि काखेत घेतला. सर लगबगीनं आले. "हा काय पोरकटपणा?" भावोजी शांतपणे म्हणाले, "सर, ही माझी बादली नाही. ही कुणाचीही असेल." आणि भर सभेतून चालते झाले. आम्ही दोघी मागून, चपला फटफटत. मंडळातून नाव कटलं ते कायमचं.

घरी येऊन त्यांनी खोक्यांना दोरी बांधली. म्हणाले, "रंगाचा दिवस येईल तेव्हा सोडीन." ताई म्हणाली, "आणि नाही आला तर?" ते म्हणाले, "मग दोरी तरी टिकेल." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसला हा माणूस. त्यांनी खरंच ती दोरी सोडली नाही. खाली शेगडी पेटत राहिली, घरात दोन्ही वेळचं शिजत राहिलं, खोकी वर ऊब खात राहिली.

पुढे कधीतरी वाचनालयात त्यांना परदेशी मासिक दिसलं. तिकडच्या एका मोठ्या संग्रहालयात रंगीत फोटो लागले होते आणि तेही साधेसुधे: कुणाचं स्वयंपाकघर, कुणाची उभी गाडी, रिकामा रस्ता. ते मासिक मागून घरी आणलं आणि ताईच्या पुढ्यात धरलं. "बघ. आलं."

"कुठे आलं?"

"तिकडे."

"मग इकडे केव्हा?"

इकडे यायला रंगाला भावोजींच्या नोकरीची उरलेली सगळी वर्षं लागली. मधल्या काळात स्टुडिओचे मालक गेले. त्यांच्या मुलानं दुकान रिकामं करताना जुन्या निगेटिव्ह पोत्यांत भरून भंगारात दिल्या. त्यांत लग्नं होती आणि लग्नांच्या शेपटाला चिकटलेली भावोजींची चित्रंही. कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "छापलेले आहेत ना माझ्याकडे. एकेक आहे, पण आहे."

मग एका वर्षी दालनाबाहेर मोठा फलक लागला: रोजच्या जगण्यातले रंग. कुणा तरुणाचं प्रदर्शन. आम्ही गेलो. प्लास्टिकचे मग, दोऱ्यांवरचे कपडे, रंग उडालेली शटरं. फोटो चांगले होते, खोटं कशाला बोलू. उद्घाटक कोण? आमचे सर! त्याच आवाजात सांगत होते, "रंग ही आजच्या जगण्याची भाषा आहे. मी तर नेहमीच म्हणत आलो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भावोजींना कोपरानं ढोसलं, "उठा. सांगा सगळ्यांना." ते मागच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसून राहिले. "बोलावतील," म्हणाले. चहाच्या वेळी सर त्यांच्या समोरून गेले आणि त्यांनी ओळखलंसुद्धा नाही.

बोलावणं आलं, पण तोवर भावोजी आणि ताई दोघंही जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायला लागले होते. झालं असं, की दालनाच्या नव्या संचालक बाईंना शहरातल्या जुन्या रंगीत छायाचित्रांचा शोध घ्यायचा होता. त्या म्हाताऱ्या लॅबवाल्याकडे गेल्या, तर तो म्हणाला, "एक वेडा बादली घेऊन बसनं आला होता." तेवढ्यावरून बाईंनी घर शोधून काढलं. बाई चांगल्या होत्या, नम्र होत्या. त्यांचा राग येत नाही, हीच तर पंचाईत.

भावोजींनी त्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मीच स्टुलावर चढून खोकी खाली काढली. दोरी हातात आली ती तुकडे होऊनच. तीही टिकली नव्हती.

झाकण उघडलं. वरचा फोटो न्हाव्याच्या टॉवेलांचा. टॉवेल तांबूस होते. त्याखाली कँटीनचं टेबल, तांबडं. चप्पल, भिंत, आकाश, सगळ्यावर कुणी विटेचं पाणी ओतल्यासारखं. भावोजी भराभर खाली खाली जाऊ लागले. बादली सापडली. ती विटकरी होती. ताईचा स्वेटरही विटकरी. भिंत गुलाबी.

बाईंनी हळूच विचारलं, "हे कुठे ठेवले होते?" ताईनं शेगडीच्या वरचं कपाट दाखवलं. बाई म्हणाल्या, "त्या काळचे रंगीत कागद... उष्णतेनं त्यांतला निळा आणि हिरवा आधी जातो. काळ्या-पांढऱ्याला एवढं काही होत नाही." ताईनं चटकन जाऊन गॅस बंद केला. त्यावर फक्त चहा होता. बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत.

मला त्या क्षणी सरांच्या नरड्याला हात घालावासा वाटला. आणि नंतर वाटलं, त्यांनी तरी मुद्दाम कुठे केलं? जे त्यांना ठाऊक होतं ते त्यांनी सांगितलं. जन्मभर त्यांचं काही न ऐकणाऱ्या माणसानं नेमकं तेवढंच ऐकलं.

बाई म्हणाल्या, की कॉम्प्युटरवर रंग परत आणता येतात, पुष्कळसे येतात. भावोजींच्या जिवात जीव आला. आम्ही बाईंच्या कचेरीत गेलो. कॉम्प्युटरवाल्यानं फोटो पडद्यावर घेतला आणि विचारलं, "काका, बादली कुठल्या रंगाची होती?"

"हिरवी."

"कुठला हिरवा?" आणि त्यानं एका बाजूला हिरवेच हिरवे उघडले. गवताचा, शेवाळाचा, बाटलीचा, पोपटाचा, आणि त्यांच्या मधले अगणित.

भावोजींनी एकावर बोट ठेवलं. बादली हिरवी झाली. "नाही, हा नाही. थोडा गडद." झाला. "हा... नाही, यात निळा जास्त आहे." दुसरा. तिसरा. आधी ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते, मग मागे टेकले. प्रत्येक हिरवा क्षणभर खरा वाटे आणि पुढचा आला की खोटा. कॉम्प्युटरवाला बिचारा न कंटाळता करत होता. "घरी आहे का ती बादली, काका? आणलीत तर लगेच जुळवू."

ताई म्हणाली, "अरे बाळा, ती केव्हाच फुटली. बुडाला चीर गेली, मग कचऱ्याला वापरली, मग कचऱ्यातच गेली."

भावोजी पडद्याकडे बघत बसले होते. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं थकले. मग ते अगदी हळू म्हणाले, "मला आठवत नाही." आणि पुन्हा एकदा, जणू दुसऱ्या कुणाला सांगावं तसं, "मला तो हिरवा आठवत नाही."

माझ्या स्वेटरचा पिवळा मी सांगू शकले असते. कुणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही. नुसता पिवळा घेऊन काय करायचं होतं?

बाईंनी समजूत घातली, की आहे तसाच लावू. काळाची खूण आहे ती, तिचंही एक सौंदर्य आहे. भावोजी नको म्हणतील असं मला वाटलं. एकदा काळ्या-पांढऱ्यासाठी भर सभेतून उठून गेलेला माणूस! पण ताई म्हणाली, "लावू द्या हो. आता आणखी किती वाट बघणार?" आणि ते "बरं" म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं मऊ "बरं" मी कधी ऐकलं नव्हतं. लॅबवाल्याशी, सरांशी ते जसे हट्टानं वागले होते, त्यातलं काही त्या "बरं"मध्ये नव्हतं.

उद्घाटनाला गर्दी झाली. तेच दालन, तीच भिंत. बादली मधोमध, मोठी करून लावलेली. फलकावर लिहिलेलं: 'रंगारी: रोजच्या रंगांचा पहिला छायाचित्रकार'. ज्या नावानं चिडवलं तेच नाव आता मोठ्या अक्षरांत. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. लोक येत होते, भावोजींचा हात हातात घेत होते. एक मुलगी म्हणाली, "हा लाल काय जबरदस्त आहे! सगळीकडे हाच लाल का निवडलात?" भावोजी म्हणाले, "शेगडीमुळे." तिनं ते काहीतरी खोल आहे असं समजून वहीत लिहून घेतलं.

मग सर आले. चाकाच्या खुर्चीत, नात ढकलत होती. आवाज मात्र अजून तसाच. या वेळी त्यांनी ओळखलं. बराच वेळ बादलीकडे बघत राहिले, मग भावोजींचा हात धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी तुला तेव्हाच सांगत होतो, रंगारी. चित्र एका रंगातच बोलतं. शेवटी आलास ना एका रंगावर?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढे झाले होते, मला खूप काही बोलायचं होतं. भावोजींनी दुसऱ्या हातानं मला मागे सारलं आणि सरांना म्हणाले, "हो सर."

गर्दी चहाकडे वळली तेव्हा आम्ही तिघंच फोटोसमोर उरलो. खिळा अगदी हाताशी होता. मी बघत होते, ते हात वर करतात का. त्यांनी केला नाही. हात पाठीमागे बांधून ते उभे राहिले.

"अहो, हिरवीच होती," ताई म्हणाली. "मला माहीत आहे. मी रोज भरायचे."

"कसली हिरवी होती गं?"

ताईनं तोंड उघडलं. मग तिनं त्या विटकरी बादलीकडे पाहिलं, पाहतच राहिली, आणि म्हणाली, "माझं लक्ष नळाकडे असायचं हो. रंग तुम्ही बघायचात."